उजवी बाही आखूड असलेला कोट

आमचा धाकटा भाऊ लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. त्याच्या तोडीचा ढोलवाला कुठे असेल तर समोर आणा, आपण बोलणं सोडून देऊ. त्याचा लाल कोट वडिलांचा. काठी बाहीत अडकायची म्हणून वडिलांनी उजवी बाही चार बोटं कापली होती. फॅशन नव्हे, पोटापाण्याची सोय.

एका लग्नात एका मोठ्या गायकाची नजर त्या कोटावर पडली. "काका, काय अस्सल चीज आहे! आमच्या व्हिडिओसाठी द्या ना, एकच दिवस." धाकट्यानं तिथल्या तिथं काढून दिला. घरी येऊन वर सांगतो, "एवढा मोठा माणूस, पण मला काका म्हणाला!"

"कोट मिळत असेल तर मामासुद्धा म्हणेल," त्याची बायको म्हणाली.

व्हिडिओ आला. कोट घालून गायक मोटारीच्या टपावर उभा, मागे वीस पोरी गळ्यात ढोल अडकवून नाचतायत. काठी एकीच्याही हातात नाही. शेवटी मोठ्या अक्षरात, 'रस्त्यावरच्या वादकांना मानाचा मुजरा'. मुजरा आला, कोट काही आला नाही.

"मग रविवारी मुजराच घाला अंगात," बायको म्हणाली.

कारण रविवारी लग्न होतं आणि बँडमास्तरनं बजावलं होतं, "कोट नाही तर रांगेत उभं राहायचं नाही. ढोल माझा भाचा वाजवेल." भाचा! तो दार वाजवतो तेसुद्धा बेताल.

धाकटा तडक गायकाच्या ऑफिसात गेला. कोट काचेच्या कपाटात, वर खास दिवा. वडिलांच्या डोक्यावर हयातीत एवढा उजेड पडला नसेल.

"काका, आम्ही तुमच्या कलेचा फार आदर करतो," गायक म्हणाला.

"करा की, कोण नको म्हणतंय? पण कोट द्या. रविवारी लग्न आहे."

"त्यात जीव गुंतलाय हो माझा. त्यापेक्षा हा नवा घ्या. आमच्या डिझायनरनं हुबेहूब शिवलाय."

धाकट्यानं नवा कोट अंगात घातला. आखूड बाही डावी! त्या शिकलेल्या माणसानं गायकाचा आरशातला फोटो बघून कापड बेतलं होतं.

"साहेब, काठी उजव्या हातात असते."

"चालतं हो, भावना महत्त्वाची."

धाकट्यानं मान खाजवली. "बरं, जुना एकदा घालून दाखवू? आम्ही चालता चालता कसं वाजवतो ते कळेल तुम्हाला."

सगळं ऑफिस हरखलं. कपाट उघडलं. धाकट्यानं गळ्यापर्यंत बटणं लावली, हवेत नसलेली काठी फिरवली आणि तोंडानं 'धम् धम् धडाम्' करत पावलं टाकायला लागला. झाडून सगळ्यांनी मोबाईल वर केले. "वा, काय अस्सल!" गायक टाळ्या वाजवत होता, त्याही ठेका सोडून. धाकटा टेबलांमधून निघाला. वॉचमननं अदबीनं दार धरलं. जिना उतरला तरी वर टाळ्या चालूच.

घरात शिरला तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती.

"अहो, पळत आलात की काय?"

"पळतोय कोण!" तो म्हणाला. "वाजवत आलो."