डाव्या बाजूचा शॉकअप

बाबांच्या मोटरसायकलचा मागचा डावा शॉकअप दबून, गंजून जाम झाला होता. मिस्त्रीने नट काढला, रॉकेल ओतलं, हातोडीने ठोकून पाहिलं, तरी तो जागचा हलेना.

"उजवा अजून धड आहे. डाव्यावरच एवढा भार कोणाचा हो, काका?"

"हिचा," बाबा म्हणाले. "साडीमुळे एका बाजूला बसायची ना."

आईला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. घरातल्या तिच्या वस्तू आम्ही केव्हाच देऊन टाकल्या. तिचा भार मात्र इथे लोखंडात मुरून राहिला होता, आणि तोच आम्ही हातोडीने ठोकून काढत होतो. शेवटी शॉकअप करकरत सुटला, तेव्हा वाटलं, राहू द्यायला हवा होता.

नवा बसवल्यावर बाबा चक्कर मारून आले. आई मागे असली की तोल सांभाळायला ते नेहमी जरासे उजवीकडे कलून बसत.

"गाडी उजवीकडे ओढतेय," ते कुरकुरले.

मिस्त्रीने चाकामागे बसून नीट पाहिलं. "गाडी सरळ आहे, काका. तुम्हीच कललाय."

बाबांनी सरळ बसून पाहिलं. त्यांना जमेना.