थरथरत्या पाटावर भिंगरी

भिंगरी मावशीला एका जागी उभं करणं म्हणजे पारा चिमटीत धरणं, हे नाटक मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. हॉस्पिटलला ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी तिला रोज दहा मिनिटं पाटावर उभं राहायला सांगितलं.

पाट म्हणजे बसायचा नव्हे. दिसायला वजनकाट्यासारखा, पाय ठेवला की खालून बारीक थरथरणारा. या थरथरीनं म्हातारपणी विरळ होत जाणारी हाडं पुन्हा भरतात, असं तो विकणाऱ्यांचं म्हणणं. त्यात तथ्य किती हे तपासायला हॉस्पिटलनं तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे पाट मांडले होते आणि साठी उलटलेल्या बायकांना बोलावलं होतं. आधी कमरेचं हाड किती भरीव आहे ते मोजायचं, मग वर्षभर पाट, मग पुन्हा मोजायचं.

मावशी काही हौसेनं आली नव्हती. तिचा सगळा जन्म नाट्यगृहाच्या कपडेपटात गेला. राजाचा अंगरखा, हवालदाराची टोपी, भुताचा झगा, सगळं तिच्या हाताखालून रंगमंचावर गेलं. नटाला टाळ्या मिळायच्या, तेव्हा ही विंगेत त्याचा पुढचा कोट उलगडून उभी असायची. काय दिवस होते ते. एका प्रवेशात भिकारी झालेला माणूस पुढच्या प्रवेशात सेनापती व्हायचा, आणि मधल्या अंधारात फक्त मावशीचे हात असायचे.

हा कपडेपट होता वर, आणि वर जायला गोल फिरत जाणारा लोखंडी जिना. मागच्या वर्षी मावशी घरात साध्या पायपुसण्यावरून घसरली आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं पोकळ व्हायला लागलीत. लेकीनं त्याच दिवशी फर्मान काढलं.

"जिना बंद."

"जिना बंद म्हणजे मी बंद."

"आई, नाटकातलं बोलू नकोस."

"मग कुठलं बोलू? दुसरं येतं कुठे मला?"

शेवटी तडजोड झाली. मावशीनं वर्षभर पाटावर उभं राहायचं, तोवर जिना चालू. वर्षअखेरीला हाड टिकलेलं दिसलं, तर कपडेपट तिचा. आणखी झिजलेलं दिसलं, तर जिना सोडायचा. दोघींनी शब्द दिला.

पाटावर मावशीचा जीव टांगणीला लागायचा. नाट्यगृहात इस्त्रीवाला आला असेल का, मखमलीला कसर लागली नसेल ना, तलवारीचा पट्टा कुणी पळवला नसेल ना. पाय अडकलेले, पण हात मोकळे. एकदा तिनं शेजारच्या पाटावरच्या बाईचं निखळलेलं बटण थरथरता थरथरता शिवून दिलं.

"सुई टोचेल ना हो," ती बाई म्हणाली.

"अहो, चालत्या नटाच्या पाठीवर टाके घातलेत मी. तुम्ही तर नुसत्या थरथरताय."

पाटांची देखरेख करणारी एक तरुण बाई होती. सगळ्या तिला यंत्रवाली म्हणायच्या. अधूनमधून ती प्रत्येकीच्या कमरेला एक पट्टा बांधायची. पाटाची थरथर कमरेपर्यंत किती पोचते, ते पडद्यावर रेघेनं दिसायचं. बाकीच्यांच्या रेघा उड्या मारायच्या. मावशीची रेघ गाईसारखी बसलेली.

पहिल्यांदा यंत्रवालीनं पाटाला दोष दिला आणि पाट बदलला. पुढच्या वेळी पट्ट्याला दोष दिला आणि पट्टा बदलला. मावशीनं कमरेवरचा पट्टा चाचपला.

"माझ्यात हाडं शिल्लक आहेत ना गं बाई?"

"नसती तर उभ्या कशा राहिला असता, मावशी?"

"सवयीनं."

वर्ष सरत आलं तेव्हा यंत्रवाली एकदा पडलेलं पेन उचलायला खाली वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. पाटावरच्या मावशीच्या टाचा केसभर वर होत्या. गुडघे सैल, किंचित वाकलेले.

"मावशी, अशा का उभ्या आहात?"

"कशी?"

"पंज्यांवर."

"मग काय टाचांवर? टाच टेकली की फळी वाजते. पहिल्या रांगेत ऐकू जातं."

यंत्रवालीनं कपाळाला हात लावला. सगळी थरथर गुडघ्यांतच जिरत होती. पाट बिचारा ढकलत होता आणि मावशी ती वाटेतच गिळत होती. मावशीनं टाचा टेकल्या, गुडघे ताठ केले. रेघेनं उडी मारली, मावशीचे दात वाजले, आणि दुसऱ्याच क्षणी टाचा आपोआप वर आल्या. विंगेतल्या पायांना हॉस्पिटल कळेना.

वर्षअखेरचं मोजमाप झालं. हाड आणखी झिजलं होतं. पाटांमुळे कुणाला फायदा झाला का, ते सगळ्या बायकांचे आकडे जमल्यावर सांगू, असं यंत्रवाली म्हणाली. "तुमचं मात्र धरू नका, मावशी. तुम्ही खऱ्या अर्थानं पाटावर उभ्या राहिलाच नाहीत."

मावशीच्या डोळ्यांत चमक आली. हे चांगलं कारण होतं, शिवाय खरंही होतं. घरी पोचेपर्यंत तिनं ते मनात तीनदा घोळवलं. लेक कणीक मळत होती. मावशी बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली.

"झिजलंय," ती म्हणाली. "पण हे वर्ष धरायचं नाही. मी चुकीची उभी होते. यंत्रवालीला विचार हवं तर. नव्यानं वर्ष मोजू."

आणि तिनं टाचांची सगळी कथा सांगितली, यंत्रवालीच्या नकलेसकट. लेक पोट धरून हसली.

"आणि आता जमतं टाचा टेकून?"

"कुठलं जमतंय. लक्ष हटलं की वर."

"जिन्यावरही तशीच चढतेस?"

"हो तर. लोखंड किती वाजतं. खाली प्रयोग चालू असतो, हातात कपड्यांचा ढीग, कठडा धरायला हात कुठे..."

मावशी बोलता बोलता थांबली. लेकीचं हसू केव्हाच विरलं होतं. कणकेचे हात तसेच परातीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे संवाद ऐकलेल्या मावशीनं आपला संवाद पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसून ऐकला.

"वर्ष नको मोजायला," मावशी म्हणाली.

पुढच्या प्रयोगाला ती खाली विंगेत बसली. कपडे काढून द्यायला वर मंडळीतली धोबीणबाई गेली. तिच्या पावलांनी अख्खा जिना घणघणला आणि पहिल्या रांगेतल्या चार माना वळल्या. मावशी खुर्चीत कळवळली.

"सेनापतीचा कोट," ती दबक्या आवाजात वर बोलली. "निळ्याच्या मागे."

कोट आला. न्यायाधीशाचा होता.

मावशी उठली. जिन्यापाशी गेली. एक पाय पायरीवर ठेवला. सेनापती बनियनवर उभा होता, घामाघूम, एंट्री तोंडावर आलेली. "मावशी, काहीतरी करा."

तिनं पाय खाली घेतला. न्यायाधीशाचा कोट त्याच्या अंगावर चढवला, स्वतःच्या कमरेची ओढणी सोडून त्याच्या खांद्यावरून तिरपी बांधली आणि त्याला पाठीत एक धपका दिला.

"जा. आज सेनापती कोर्टातून आलाय."