काकांनी न मोजलेली पोर

बोट सुटून पाच मिनिटं झाली असतील, मी बघते तर चिऊ नाही. नवऱ्याला वाटलं माझ्याकडं आहे, मला वाटलं त्याच्याकडं, आणि बाळ माझ्या खांद्यावर ओकत होतं. मी ओरडले, सगळे नुसते बघत राहिले. काका तेवढे उठले, बोटवाल्या चिनी म्हाताऱ्याकडं धावले, "फिरवा! पोरगी राहिली!" मराठीतच. त्याला काय कळलं देव जाणे, पण बोट वळली.

काका म्हणजे इथं परदेशात, बेडोकला, आमच्या समोरच्या दारात राहायचे ते. नवऱ्याच्याच कंपनीत सेफ्टीचं बघायचे. आधी साताऱ्याकडं पठारावर पवनचक्क्यांवर वीस वर्षं काढलेली. कशालाही एकच बोलायचे, "सावकाश, वारा काय पळून जात नाही." लिफ्ट चुकली तरी तेच, माझं दूध उतू गेलं तरी तेच. मी नववी नापास, चिऊच्या शाळेचा फॉर्म आला की मला घाम फुटायचा. मग काका दारातच एकेका शब्दाखाली बोट धरून वाचून दाखवायचे. "इंग्रजी काय वाघ आहे का गं, खाणार आहे तुला?"

त्या दिवशी कंपनीनं बायकापोरांसकट सगळ्यांना बेटावर पवनचक्की दाखवायला नेलं होतं. एकच चक्की. काका मान वर करून किती वेळ बघत होते. म्हणाले, "आमच्याकडं डोंगरभर आहेत. ही बिचारी एकटी पडलीय."

जाताना बोटीत चढायच्या आधी ते प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून माणसं मोजत होते. मॅनेजरच्या टकलावरही ठेवला, सगळे हसले. माझ्याजवळ आले तशी मी दोन्ही पोरं पदराआड घेतली. "काका, पोरं मोजू नका हो. माझं आधीचं एक गेलंय." आमच्याकडं पोरं मोजत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात. काकांनी हात मागं घेतला. "बरं बाई. तुझी नाही मोजत. तू नीट बघ."

म्हणून येताना आकडा बरोबर आला. दोन्ही पोरं सोडून बरोबर.

चिऊ चक्कीखाली सापडली. पात्यांची सावली फिरायची, ही तिच्यावरून उड्या मारत होती. मला इथल्या पोरांसारखं म्हणते, "मम्मी, डोन्ट क्राय ला." काका तिथंच खाली बसले.

धक्क्यावरच मॅनेजरनं विचारलं, मुलं का मोजली नाहीत? काकांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. "माय मिस्टेक, सर." मी तोंड उघडलं. नवऱ्यानं कोपर दाबलं, "गप्प बस. माझा इथं कामाचा पास रिन्यूला गेलाय."

मी गप्प बसले.

तीन आठवड्यांत काकांचा पास बंद झाला, म्हणजे गाशा गुंडाळून गावी परत. त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. निघाले त्या सकाळी मी थालीपीठं बांधून दिली, आणि कशीबशी बोलले, "काका, मी आज जाऊन मॅनेजर साहेबांना सांगते. सगळं खरं सांगते."

"आणि मग? दोन घरं परत जाऊ दे म्हणतेस?" ते बॅग उचलत म्हणाले. "पोरीची शाळा बघ." लिफ्टचं दार लागलं. मला नीट पायाही पडता आलं नाही.

नवऱ्याचा पास आला. समोर आता दुसरी माणसं राहतात, त्यांच्या चपला बाहेर असतात. काकांना दोनदा फोन लावला, उचलला की मीच ठेवला. मला झोप लागत नाही हो. साहेबांच्या ऑफिसची बस इथूनच जाते, रोज सुटते आणि मी बघत राहते. तुम्ही काय केलं असतं? बसला असता का त्या बसमध्ये, दोन्ही पोरं घेऊन?