बुजगावण्याचा सदरा

धाकटा भाऊ तेलाच्या जहाजावर नोकरीला. सुट्टीत कुंभकोणमला आला तेव्हा एका दुपारी मी त्याला फोटो काढायला तिरुवलंचुळीच्या देवळाशी नेलं. देऊळ राहिलं बाजूला, हा आपला भातशेतातल्या बुजगावण्याचेच फोटो काढत बसला. मी वैतागले.

"अक्का, समुद्री चाच्यांच्या टापूत आम्हीही जहाजाच्या कठड्याशी अशीच बुजगावणी उभी करतो. लांबून पहारेकरी वाटतात," तो म्हणाला. मग चाचरत कबूल केलं, मी दिवाळीला पाठवलेला केशरी सदरा त्यातल्याच एकाच्या अंगात आहे.

त्याने जहाजावरून पाठवलेल्या एकाही फोटोत तो सदरा का दिसत नाही, म्हणून वर्षभर मी धुमसत होते! पण बंदुका घेऊन येणारे चाचे माझ्या सदऱ्याला बिचकले असतील, या विचाराने हसूच आलं.

यंदा शिंप्याकडे दोन टाकलेत. एक भावाला, एक पहारेकऱ्याला.