उलट्या हाताची पारख

हौसेराव टेस्टर वापरत नसे. नेरूळच्या नव्या सोसायट्यांत वायरमन गल्लोगल्ली झाले होते, पण साताऱ्याकडून आलेला हा गडी ओळखला जाई तो उलट्या हातासाठी. फ्रिज असो की पत्र्याचं कपाट, तो हाताची पाठ हलकेच टेकवायचा आणि करंट उतरलाय की नाही, याचा निकाल द्यायचा. पंधरा वर्षांत तो निकाल कुणी फिरवला नव्हता.

१९९५ साली सारसोळ्यातल्या दुर्गाबाई कोळिणींनी त्याला बोलावलं. सून जाई म्हणत होती, स्वयंपाकघरातला नळ शॉक मारतो. घर जुनं, लाकडी पट्टीवरचं वायरिंग हौसेरावानेच कधीकाळी केलेलं. त्याने नळाला हात लावला. काही नाही. आठवड्याने पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा काही नाही. दुर्गाबाई दिवसभर त्याच नळावर असत, त्यांना कधी साधी झिणझिणी आली नव्हती. सुनेला पाण्याचं काम नको, एवढाच अर्थ त्यांनी काढला आणि शेजारीपाजारी सांगितला. नवरा विलास आईपुढे गप्प बसे.

तिसऱ्या खेपेला दुर्गाबाईंनी करावे गावातून जाईच्या बापालाही बोलावून दाराबाहेरच्या ओट्यावर बसवलं. आजही काही निघालं नाही, तर त्याने लेक घेऊन जायची, असं ठरलं होतं.

हौसेराव आत गेला. जाई नळापासून दूर उभी होती. तळवे भाजल्यासारखे तिने एकमेकांवर दाबले होते.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “एकदा चपला काढून हात लावा.”

त्याने खाली पाहिलं. कारागीर म्हणून त्याला रबरी चपला घालून आत यायची मुभा होती. टाचांना भेगा पडल्यामुळे दुर्गाबाईंनाही डॉक्टरांनी घरात स्पंजच्या चपला घालायला सांगितलं होतं. सुनेला मात्र स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे चपला चालत नव्हत्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहणारी घरात ती एकटीच.

त्याने चपला काढल्या. हात टेकवताच खांद्यापर्यंत सणका गेला आणि कोपर भिंतीवर आदळलं. जाईच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला.

“काय हाय का रं?” ओट्यावरून दुर्गाबाईंनी विचारलं.

“बघतो,” हौसेराव म्हणाला आणि आधी चपला घातल्या.

मेन स्विच पाडून त्याने पट्टी उचकटली. बारा वर्षांपूर्वी त्याने वायर पाइपाला घासून नेली होती. तिचं कातडं सोलवटून तांबं पाइपाला टेकलं होतं. त्याने ती बाजूला ओढली, काळी टेप गुंडाळली, पट्टी ठोकली, मेन चालू केला. मग जाईला म्हणाला, “लावा हात.”

जाईने बोट टेकवलं. मग पूर्ण हात ठेवला. “आता नाय लागत,” ती मोठ्याने म्हणाली. बाहेर ऐकू जावं म्हणूनच.

दुर्गाबाई आत आल्या. “बाप दारात बसला तसा शॉक पलाला. बगा, व्याही, तुमच्या लेकीची नाटकां.” मग हौसेरावाकडे वळल्या. “तू सांग त्यांना. व्हता का काय नलाला?”

जाई त्याच्याकडे बघत होती. म्हातारा बाप उठून दारापर्यंत आला होता. वायरमन काय सांगतो ते ऐकायला त्याने टोपी काढून हातात धरली होती.

“तीनदा बघितलं,” हौसेराव म्हणाला. “काही नव्हतं.”

बापाने दुर्गाबाईंपुढे हात जोडले, लेकीच्या वतीने माफी मागितली आणि तिला कपडे बांधायला सांगितलं.