क्लचबाईंचा डावा पाय

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई मोटार शिकवतात. एकोणीस वर्षांत हजार-दीड हजार बायकांना त्यांनी रस्त्यावर आणलं असेल, त्यातली एक मी. "क्लच, बाई, क्लच" हे त्यांचं वाक्य इतकं गाजलेलं की सगळी गल्ली त्यांना क्लचबाईच म्हणते. त्यांच्या शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक आहेत. शिकणारीचं चुकलं की बाईंचा पाय आधी पोचतो, तोंड नंतर.

चार वर्षांपूर्वी त्या जन्मात पहिल्यांदा परदेशी गेल्या. कॉलेजात एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने गळ घातली होती. पाठीवर एकेक सॅक, भाड्याची गाडी, तेवीस दिवस, आणि बरोबर ना टूरवाला ना गाईड. सासूबाईंनी "या वयात हे काय खूळ" म्हणून नाक मुरडलं आणि मग स्वतःच सॅकच्या कप्प्यात सुईदोरा सरकवला.

मैत्रिणीकडे लायसन्स होतं, पण पाकिटात मिरवण्यापुरतं. गाडी सगळी बाईंनीच चालवली. तिकडे रस्त्याची बाजू उलटी, गिअर दुसऱ्या हाताला. पहिले दोन दिवस गिअर टाकायला जावं तर हातात दरवाज्याची कडी यायची. मैत्रीण मांडीवर नकाशा पसरून शांत झोपायची. माणसं जोडावीत मात्र तिनेच. भाषेचं अक्षर येत नसताना आठ खाटांच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या दोन खाटा ती हसतहसत मिळवायची. एकदा घाटात असं धुकं उतरलं की पुढच्या ट्रकचे दिवेही दिसेनात. बाईंनी तीन तास दुसऱ्या गिअरवर गाडी खाली आणली. पायथ्याशी पोचल्यावर बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात, ती मैत्रिणीने एकेक करून सोडवली. हा घाट मी बाईंच्या तोंडून निदान दहादा ऐकला आहे. दर वेळी तो थोडा उंच व्हायचा.

परत आल्यावर वर्षाच्या आत मैत्रिणीची व्याख्यानं सुरू झाली. एकटी बाई, एक गाडी, अनोळखी देश. आमंत्रण आलं तेव्हा बाई ठेवणीतले कपडे घालून सासूबाईंना, नवऱ्याला आणि मला घेऊन गेल्या. तिसऱ्या रांगेत बसलो. पडद्यावर एकामागून एक फोटो आले. सगळ्यांत मिळून बाईंचं एक कोपर तेवढं कापायचं राहिलं होतं. मग घाट आला. तीन तास मी दुसऱ्या गिअरवर, असं मैत्रीण म्हणाली आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या हळू बोलत नाहीत. त्यांनी सुनेला विचारलं, "मग तू कुठे होतीस गं?"

घरी आल्यावर जिन्यात बाई मला म्हणाल्या, "वहिनी, तिच्या हारतुऱ्यांचा मला हेवा नाही. पण माझ्या वाट्याला आयुष्यात एकच प्रवास आला होता हो."

गेल्या वर्षी तीच मैत्रीण त्यांच्या दारात उभी. बायकांचा एक गट पाच गाड्या घेऊन त्याच देशात निघाला होता आणि पहिली गाडी अर्थातच हिने चालवायची होती. हातात एक महिना होता. गाडी येत नाही, शिकव, हे दुसऱ्या कुणापुढे बोलायची सोय नव्हती. बाई लगेच हो म्हणाल्या आणि मी मनात म्हटलं, ही बाई आहे की देवमाणूस.

पहिले तीन दिवस त्यांनी खरंच जीव ओतून शिकवलं. एखाद्या सिग्नलला थांबल्यावर ही म्हणेल, चुकलं गं माझं, एवढीच त्यांची आशा होती. चौथ्या दिवशी गाडी उताराला लागली आणि मैत्रीण रंगात येऊन म्हणाली, "त्या घाटात मी अशीच आणली होती, नाही?"

कुणाला म्हणाली, तर बाईंना.

बाईंनी मान डोलावली आणि डावा पाय आपल्या बाजूच्या क्लचवर ठेवला. पुढचे सतरा दिवस तो उचलला नाही. मैत्रिणीचा पाय तिच्या क्लचवर नुसता पाहुण्यासारखा बसलेला असे, दाबणं-सोडणं सगळं बाईंचं. गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी सुटायची. तुझ्यात हे उपजतच आहे, असं बाई वर म्हणायच्या. ब्रेक मात्र तिचा तिला पक्का शिकवला. फजिती करायची होती, कुणाला मारायचं नव्हतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

निघायच्या आधीच्या रविवारी मैदानावर तालीम होती. पाच गाड्या रांगेत, कडेला नवरे, सासवा, पोरंबाळं. बाई मला घेऊन गेल्या. मैत्रिणीने गॉगल चढवला, सगळ्यांना हात केला, आणि गाडी एक उचकी देऊन गप्प झाली. पुन्हा किल्ली, पुन्हा उचकी. मी अकरापर्यंत मोजलं. पहिली निघाली की आम्हाला उठवा, असं कुणाचा तरी नवरा म्हणाला आणि हशा पिकला. गटाच्या प्रमुख म्हणजे एका शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या काचेपाशी येऊन विचारू लागल्या, मग तो एवढा प्रवास झाला कसा?

मैत्रीण उतरली ती तरातरा बाईंकडे आली. "तू मला शिकवलंच नाहीस."

"तुला शिकायची काय गरज?" बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण तो शेवटच्या गाडीपर्यंत पोचला. "घाट तूच उतरवलास ना? की दुसरं कुणी होतं? सांग की यांना."

मैत्रीण बुटांकडे बघत पुटपुटली, "हिने."

मुख्याध्यापिकांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा तिला मोठ्याने सांगावं लागलं, बाईंकडे बोट करून.

पहिली गाडी तुम्हीच न्या, अशी बाईंना तिथल्या तिथे विनंती झाली. त्यांचा जुना व्हिसा अजून चालू होता, तिकीट गटाने काढायचं ठरलं. हिला आता वगळूया, असं कुणीतरी म्हणालं, तर बाईच मधे पडल्या. तिकीट काढलंय तिचं, येऊ दे, माझ्या शेजारीच बसेल.

परतताना मी म्हटलं, शेवटी मन द्रवलं तुमचं.

"द्रवतंय कसलं, वहिनी." बाईंनी गिअर टाकला. "तेवीस मुक्काम आहेत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारणार, गाडी कुणी आणली म्हणून. मी सांगून काय उपयोग? सांगायला तीच हवी."