आढ्यावरचा हात

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाच्या निमित्ताने उठतो. सुतार माणूस मी... रंध्याखाली येतं तेवढंच खरं मानणारा. तरी हे एकदा सांगून टाकायचंय.

आमचं घर मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या वाटेवर, वैशाखऱ्याला. दुसरं महायुद्ध चालू होतं. मी पलटणीत सुतार म्हणून इटलीत आणि घरी आई एकटी. आमच्याकडे घर बांधायला सगळा गाव येतो. पण आढं — छपराचं मधलं मोठं लाकूड — घरधन्याने त्याच्या बुडख्याला, म्हणजे जाड टोकाला, हात लावल्याशिवाय कोणी उचलत नाही.

तिकडे एका डोंगरी गावात एका विधवा बाईचं छप्पर बॉम्बने उडालं होतं. रविवारच्या सुट्टीत, ज्याला यायचं त्याने या, असं साहेब म्हणाले. आम्ही चौघे गेलो. सकाळभर चुना कालवला, दगड रचले. दुपारी आढं चढवायची वेळ आली. बाई बाजूला उभी होती. तिचाही मुलगा लढाईवर गेलेला, पत्ता नाही.

सवयीने माझा डावा हात बुडख्यावर गेला. आणि डोळे आपोआप मिटले... ऊन मऊ झालं. वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा वास आला. पायाखाली आमचं सारवलेलं अंगण, गार. कुठेतरी आमची कोंबडी कुरकुरत होती. भीती अजिबात वाटली नाही, उलट इतकं बरं वाटत होतं की डोळे उघडूच नयेत.

माझा जोडीदार सेल्वम याने ढोसलं. "तेरा घर है क्या?" सगळे हसले. मग तो म्हणाला, हात चुन्याने एवढा भरलाय आणि लाकडावर डाग कसा नाही? खरंच नव्हता. आम्ही आढं चढवलं आणि मी विसरून गेलो.

लढाई संपली, मी घरी आलो. इटलीत ते छप्पर घातलं त्याच उन्हाळ्यात आमचं घर वावटळीने पाडलं होतं, हे तेव्हा कळलं. माझी खबर कित्येक महिने नव्हती. मी गेलो, असं गावाने मनात धरलं होतं. नवं आढं चढवायच्या वेळी चुलते धोंडूकाका म्हणाले, घरधनी म्हणून मी हात लावतो. आई अडून बसली, "माजा पोर जिता हाय. त्याच्या हाताबिगर आढं चढायचा नाय." लाकूड अंगणात पडून राहिलं आणि पाऊस तोंडावर आला.

"मंग एका दुपारी तुजी आय हाका मारीत आली," धोंडूकाका सांगत होते. "आमी बगितला रे. वला व्हता. मंग आढं चढवला."

मी वर पाहिलं. बुडख्यावर पांढऱ्या चुन्याचा डावा पंजा. आमच्या मातीच्या घरात चुना कधी आलाच नव्हता. मधलं बोट अर्धंच उमटलेलं. माझं ते बोट लहानपणी कोयत्याखाली गेलंय.

दिवस तोच होता का? महिना जुळतो, पुढचं मी छातीठोक सांगणार नाही. हे कसं झालं ते आजही मला उमगलेलं नाही. आईला विचारलं तर ती नुसती म्हणायची, "तू आलास ना रे, मंग झाला."

तिचं झालं. पण कधी आढ्याकडे पाहत पडलो की इटलीतली ती दुसरी बाई आठवते. माझा हात इथे उमटला, तिचं आढं घरच्या कुणाच्या हाताशिवायच चढलं. तिचा मुलगा परत आला असेल ना?